खडीत काय उगवणार?

"ताई, खाली खडी टाकलीय ना? मग प्लास्टिकचीच घेऊन जा. खडीत काय उगवणार?"

रंगीत माशांच्या दुकानात खरी झाडं मागितली की हे ऐकावं लागतं. मी ते तीन शहरांत ऐकलंय. दुकानदार मुद्दाम खोटं सांगत नसतो. त्यानं हौसेनं झाडं विकलेली असतात आणि महिन्याभरात तीच गिऱ्हाइकं कुजक्या काड्या घेऊन भांडायला आलेली असतात. गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावतं, दुकानदार खडीला. खडी बिचारी काय बोलणार?

माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी टाकी आहे. तिच्या तळाशी आहे ती इमारतीच्या कामावर नदीची रेती चाळल्यावर चाळणीत राहिलेली खडी. दोन-तीन मिलिमीटरचे गोल दाणे, पाच सेंटिमीटरचा थर, वजन साधारण १४ किलो. त्यात व्हॅलिस्नेरिया गेली नऊ वर्षं नांदतोय. सुरुवातीला चार रोपं होती, आता मोजत नाही. तरी "माझ्याकडे येतं" एवढ्यानं दुकानदाराचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. खडीत झाड का येतं आणि कशामुळे मरतं, हे दोन्ही सांगता आलं पाहिजे.

"खडीत अन्न नाही, मग झाड खाणार काय?"

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. स्वच्छ धुतलेल्या खडीत खाण्यासारखं काही नसतं. गारेचा दाणा झाडाला काही देत नाही, आणि दिलेलं धरूनही ठेवत नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, लोह अशी द्रव्यं त्यांना चिकटून राहतात आणि मुळं हवी तेव्हा ती उचलतात. खडीला ही कोठाराची सोय नाही.

पण टाकीतलं जेवण वरून येतं. सकाळ-संध्याकाळ आपण माशांना जी चिमूट टाकतो, त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, सूक्ष्म द्रव्यंही आहेत. मासा ते खातो आणि त्यातलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेलं विष्ठेतून बाहेर पडतं. न खाल्लेला कण, गळालेलं पान, मेलेली गोगलगाय हे सगळं खाली जातं आणि खडीच्या फटींत बसतं. तिथले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पाण्यातल्या झाडाला यातलं अमोनियम सगळ्यात आवडतं, कारण नायट्रेट वापरायचं तर आधी त्याचं पुन्हा अमोनियम करत बसावं लागतं आणि त्यात शक्ती खर्च होते. म्हणजे माशाला जे विष, ते झाडाला पहिल्या पंगतीचं पान.

शिवाय पाणवनस्पती नुसत्या मुळांनी जेवत नाहीत. जमिनीवरच्या पानाला पाणी उडून जाऊ नये म्हणून मेणासारखा थर असतो. पाण्याखालच्या पानाला त्याची गरजच नाही. तो थर अगदी पातळ असतो आणि पान थेट पाण्यातून द्रव्यं शोषतं. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, तो तरंगत तरंगतच हातभर वाढतो. मुळं असलेली झाडं स्फुरद आणि लोह मुख्यतः खालून घेतात. पण सहा महिन्यांनी खाली नुसती खडी कुठे उरलेली असते? तिच्या फटींत तपकिरी गाळ साठलेला असतो आणि तीच तिची माती.

निसर्गात पाहायचं तर लांब जायला नको. क्रिप्टोकोरिन हे नाव टाकीवाल्यांना आग्नेय आशियातलं वाटतं, पण या कुळातल्या काही जाती सह्याद्रीच्या आणि कोकणातल्या ओढ्यांमध्ये आहेत. त्यांतली रेट्रोस्पायरॅलिस तर खळाळत्या पाण्यात, गोट्यांच्या आणि खडीच्या फटींत मुळं रुतवून उभी असते. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा तिच्या अंगावरून जातो आणि पाणी ओसरलं की ती तिथेच असते. खडीत काही उगवत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

"टाकी महिन्याला पूर्ण रिकामी करून खडी धुवायची"

माझ्या मते आपल्याकडच्या टाक्यांमधली सगळ्यात जास्त झाडं या एका समजुतीनं मारली आहेत. मासेही.

रविवारी सकाळी घरात एक सोहळा असतो. मासे बादलीत, पाणी मोरीत, खडी टोपल्यात. नळाखाली खडी चोळायची आणि पाणी नितळ निघेपर्यंत थांबायचं नाही. काही घरांत भांड्यांचा साबणही निघतो. मग सगळं परत भरायचं. टाकी आरशासारखी दिसते, पाहुणे कौतुक करतात आणि बुधवारी एक मासा उलटा तरंगतो.

त्या धुण्यात तीन गोष्टी जातात. एक म्हणजे गाळ, म्हणजे झाडाचं साठवलेलं अन्न. दुसरे जिवाणू. दाण्यांच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्र्यासारखी त्यांची वस्ती असते. ती चोळून आणि नळाच्या क्लोरिननं मारून टाकली की अमोनियाचं नायट्रेट करायला कोणी उरत नाही. नवी वस्ती बसायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि आपण चौथ्या रविवारी पुन्हा टोपलं घेऊन हजर. तिसरी गोष्ट मुळं. पाण्यातलं झाड नव्या जागी बसायला दोन-तीन आठवडे घेतं. दर महिन्याला उपटलं तर ते आयुष्यभर नव्या जागीच असतं. कुंडीतला मोगरा आपण दर महिन्याला उपटून त्याची माती धुतली असती तर फुलांची वाट पाहिली असती का?

मग स्वच्छता कशी करायची? आठवड्याला पाव टाकी पाणी नळीनं काढायचं आणि तेवढंच, क्लोरिन काढून टाकलेलं, परत घालायचं. क्लोरिनसाठी दुकानात जे अँटिक्लोरिनचे थेंब मिळतात, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जिथे झाडं नाहीत, फक्त मोकळी खडी आहे, तिथे नळीचं तोंड खुपसून वरचा गाळ ओढून घ्यावा. झाडांच्या बुडाशी हात लावू नये. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. एवढंच. माझ्या टाकीची खडी नऊ वर्षांत एकदाच धुतली गेली, ती आणली त्या दिवशी.

"खडी म्हणजे खडी, कुठलीही चालते"

इथे मात्र उलटी चूक होते. पांढरी शुभ्र संगमरवरी खडी दिसते छान, पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळत राहतं, पाणी जड होतं आणि सामू वर चढतो. शिंपल्यांचा चुरा आणि प्रवाळाची वाळू यांचंही तेच. ओळखायला प्रयोगशाळा नको. मूठभर खडी वाटीत घेऊन त्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतावं. फेसाळली तर परत करावी. आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सहसा फेसाळत नाही. पण दख्खनच्या दगडात पोकळ्या असतात आणि त्यांत कधी कॅल्साइट, कधी झिओलाइट भरलेलं असतं. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. गंमत म्हणजे झिओलाइट अमोनियम धरून ठेवतं, म्हणजे चिकणमातीचं काम करतं. तर आपल्या खडीत कॅल्साइट आलंय का ते वाटीतच कळतं.

दाण्याच्या आकाराकडे कोणी बघत नाही. सुपारीएवढे गोटे टाकले तर मधल्या फटी इतक्या मोठ्या असतात की खाद्य थेट तळाला जाऊन सडतं आणि मुळांना धरायला काही मिळत नाही. पिठासारखी वाळू घातली तर ती घट्ट बसते, पाणी खेळत नाही. दोन ते चार मिलिमीटर बरे. निळी-गुलाबी रंगवलेली खडी घ्यायची की नाही हा आवडीचा प्रश्न. माझी आवड या लेखावरून कळलीच असेल.

"परदेशी माती आणल्याशिवाय जमत नाही"

ही नवी अंधश्रद्धा आहे आणि ती महाग आहे. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी पाण्याखालची बाग ही कला म्हणून जगाला दाखवली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी शेवटी उभी केलेली बाग ४० मीटर लांब आहे. ती छायाचित्रं बघून आपण दोन फुटी टाकीसाठी पिशवीबंद माती मागवतो. ती माती वाईट नाही. झाडं तिच्यात भराभर वाढतात. पण सुरुवातीचे काही आठवडे तिच्यातून अमोनिया सुटतो, वर्ष-दोन वर्षांत तिचा जोर ओसरतो आणि दाण्यांचा चिखल होऊ लागतो. खडी विस्कटत नाही आणि संपत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांनी खडीखाली एक लाल, लोहयुक्त पदार्थ पुरायला सुरुवात केली आणि त्याची पाकिटं जगभर विकली गेली. त्या पदार्थाचं नाव लॅटेराइट. म्हणजे जांभा! ज्या दगडाची चिऱ्यांची घरं आणि विहिरी आपण बांधतो, त्याचा भुगा झाडांना लोह मिळावं म्हणून तिकडे तोळ्यामाशानं मोजला जात होता. जांभ्यातल्या चिकणमातीला खडीला नसलेलं कोठार आहे, हे त्यामागचं शास्त्र. मी चिऱ्याचा भुगा चाळून, धुवून, बोराएवढ्या गोळ्या करून, वाळवून व्हॅलिस्नेरियाच्या बुडाशी खोल खुपसते. गोळ्या वर आल्या तर पाणी लाल होतं, एवढाच त्रास.

"कुंडीतलं खत थोडंसं टाकलं तर काय बिघडतं?"

मासे मरतात. बागेतल्या विद्राव्य एनपीके खतांत नत्र बरेचदा युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असतं. शेणखत आणि गांडूळखतही पाण्यात सडून अमोनियाच सोडतं. सामू ७ असताना अमोनियाचा अगदी थोडा अंश विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो अंश जवळपास दहापट होतो, आणि बोअरच्या पाण्याचा सामू ८ असणं आपल्याकडे नवलाचं नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात आणखी भर.

मासे असलेल्या टाकीत नत्र आणि स्फुरद बहुधा पुरेसं असतं. कमी पडतं ते पोटॅशियम आणि लोह. कुठलं कमी आहे ते पान सांगतं. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅशियम. नवी पानं फिकट येऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह. सगळ्या जुन्या पानांवर पिवळेपणा पसरत गेला तर नत्रच कमी, म्हणजे झाडांच्या मानानं मासे थोडे आहेत. असं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

"कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावल्याशिवाय झाडं वाढत नाहीत"

शाळेतला प्रयोग आठवा. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, आणि सगळं नेऊन उन्हात ठेवायचं. बुडबुडे येईनात तेव्हा बाई हळूच चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायच्या आणि बुडबुडे सुरू व्हायचे. ती हातचलाखी नव्हती. हायड्रिला सोड्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेते. व्हॅलिस्नेरियालाही हे जमतं. म्हणून बोअरच्या जड पाण्याला शिव्या देणाऱ्यांनी आधी व्हॅलिस्नेरिया लावून पाहावा.

कार्बन डायऑक्साइडचं अडतं कुठे? हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो आणि पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. सिलिंडरवाले तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. झगझगीत प्रकाशात लाल पानांच्या नाजूक रोटालाचा गालिचा हवा असेल तर ते करावंच लागेल. पण मध्यम प्रकाशात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया हवे असतील, तर माशांचा श्वास आणि खडीतला कुजणारा गाळ यांतून जो कार्बन डायऑक्साइड मिळतो त्यावर भागतं. वाढ हळू होते. अनुबियास महिन्याला एखादं पान देतो. घाई झाडाला नसते.

प्रकाशाचंही असंच. झाडं खुरटली की लोक दिवा बारा तास, चौदा तास लावून ठेवतात. झाड तेवढा प्रकाश वापरू शकत नाही आणि उरलेला प्रकाश शेवाळ वापरतं. सहा ते आठ तास पुरे, तेही रोज त्याच वेळेला. साधा टायमर हे माझ्या टाकीतलं सगळ्यात हुशार यंत्र आहे. आणि दुकानांत दिसणारे ते जांभळे-गुलाबी दिवे माशांचे रंग खुलवण्यासाठी असतात. त्यांत झाडाची तब्येत दिसत नाही, साधा पांढरा एलईडी बरा.

"मी लावलं, आठवड्यात कुजलं"

इथे दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे ते पाण्यातलं झाड नव्हतंच. 'लकी बांबू' हा बांबूही नाही आणि पाणवनस्पतीही नाही. तो आफ्रिकेतला ड्रसीना आहे. त्याची मुळं पाण्यात राहतात, पण पानं बुडवली की तो काही महिन्यांत सडतो. सिंगोनियम आणि अग्लोनिमाही अशीच टाकीत बुडवून विकली जातात. खरेदीच्या वेळी झाड पाण्याबाहेर उचलून धरावं. पाण्यातलं झाड बहुतेक वेळा ओल्या केसांसारखं लोंबतं, ताठ उभं राहिलं तर शंका घ्यावी. याला अपवाद आहेत, अनुबियास ताठच असतो. मनी प्लांटचा उपयोग मात्र छान होतो. पानं बाहेर, मुळं टाकीत. नायट्रेट तो अधाशासारखा पितो.

दुसरी शक्यता अशी की झाड खरं आहे, पण रोपवाटिकेत ते दमट हवेत, पाण्याबाहेर वाढवलेलं आहे. पुष्कळ पाणवनस्पती तशाच वाढवतात, कारण हवेत ती झपाट्यानं वाढतात. त्या हवेतल्या पानांना पाण्याखाली जगता येत नाही. ती विरघळल्यासारखी गळतात आणि नवी, पाण्याजोगी पानं फुटायला तीन-चार आठवडे लागतात. क्रिप्टोकोरिन तर नुसतं पाणी बदललं तरी रुसून सगळी पानं टाकतं. अशा वेळी मुळं उपटून फेकू नयेत. मी पहिल्यांदा फेकली होती. दुसऱ्यांदा कंटाळा आला म्हणून राहू दिली आणि पाचव्या आठवड्यात खडीतून तपकिरी टोकं वर आली.

लावण्यातही चुका होतात. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं जाड खोड खडीत पुरलं की कुजतं. ते दोऱ्यानं दगडाला बांधायचं. जुडीभोवतीची शिशाची पट्टी आणि कुंडीतला रॉकवूल काढून टाकायचा. व्हॅलिस्नेरिया लावताना मुळं खाली आणि पानं फुटतात तो पांढरा भाग खडीच्या वर.

"झाडं रात्री ऑक्सिजन खातात, मासे गुदमरतात"

वडाखाली रात्री झोपू नये, याचीच ही पाण्यातली आवृत्ती. झाडं रात्री श्वास घेतात हे खरं, दिवसाही घेतात. १७७९ साली यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञानं दाखवलं की पाण्याखालचं हिरवं पान प्रकाशात बुडबुडे सोडतं, अंधारात नाही. साधारण भरलेल्या टाकीत झाडांचा रात्रीचा वाटा माशांना जाणवत नाही. पण एप्रिल-मेमध्ये जरा जपावं. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. टाकीत मासे खच्चून भरले असतील आणि पहाटे ते वर येऊन तोंडं उघडत असतील, तर रात्री पंप चालू ठेवावा आणि मासे कमी करावेत. झाडं नव्हे.

गोगलगायींवरही असाच आळ येतो. बारीक गोगलगाय बहुधा मेलेलं पान खाते, जिवंत पान तिला चावत नाही. सुपारीपेक्षा मोठ्या गोगलगायी मात्र झाडं फस्त करतात, आणि गोल्डफिश तर कोवळ्या पानांना कोशिंबीरच समजतो. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं आपल्या प्रयोगाची हकीकत मांडली. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया. जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. खाली त्यानं वाळू, चिखल आणि दगडच टाकले होते.

राहिला एक प्रश्न, जो खडीत काही उगवत नाही म्हणणाऱ्यांना कधी पडत नाही: जास्तीच्या झाडांचं काय करायचं? व्हॅलिस्नेरिया खडीखालून धुमारे सोडतो आणि आपण विसरलेल्या कोपऱ्यात नवं रोप काढतो. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी ओंजळभर रोपं निघतात. ती तलावात किंवा नदीत सोडायची नाहीत. शोभेची म्हणून आणलेली जलपर्णी आपल्या नद्यांमध्ये काय करून बसली आहे, ते पुलावरून दिसतं. उलटा व्यवहारही नको. कासच्या पठारावरच्या पाण्यात वायतुरा फुलतो. ॲपोनोजेटॉन साताऱ्याचं नाव लावून फिरतो तो हाच, आणि सह्याद्रीबाहेर तो कुठेही नाही. तो तिथेच बघावा.

माझी जास्तीची रोपं आधी मजल्यावरच्या मुलांना जातात. जी कुणालाच नको असतात त्यांचे कात्रीनं बोटबोटभर तुकडे करून मी कढीपत्त्याच्या कुंडीत पसरते. दोन दिवस वास येतो, मग जातो.